जुळाऱ्याचा वाढदिवस

विद्वानाचा वाढदिवस छापील भेटीने साजरा करण्याची एक चांगली परंपरा आपल्याकडे आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाच्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली, आणि अभ्यासकांनी लिहिलेल्या निबंधांचा एक गौरवग्रंथही त्यांना अर्पण करण्यात आला. पांडुरंग वामन काणे यांच्या एकसष्टाव्या वाढदिवसानिमित्त, ७ मे १९४१ ही तारीख मुखपृष्ठावर वागवणारा असाच एक ग्रंथ सुमित्र मंगेश कत्रे आणि परशुराम कृष्ण गोडे यांनी संपादित केला. त्यानंतर मराठीत साठी, एकसष्टी, पंचाहत्तरी यांच्या निमित्ताने निघालेल्या गौरवग्रंथांची आणि विशेषांकांची गणती करणे अवघड आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी अशा एखाद्या ग्रंथात लेख लिहिला असेल, निदान त्याची वर्गणी तरी भरली असेल.

या ग्रंथांमध्ये संपादकांची नावे असतात, लेखकांची असतात, देणगीदारांची तर असतातच. मुद्रकाचेही नाव असते. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ छापणे बंधनकारक केले होते, आणि २०२४ साली नवा कायदा अमलात येईपर्यंत तो कायदा टिकून होता. परंतु कायद्याचा 'मुद्रक' म्हणजे छापखान्याचा धनी किंवा व्यवस्थापक. ज्याने एकेक खिळा उचलून ती पाने जुळवली, त्या जुळाऱ्याचे नाव कोठेही नसते. कायद्याने ते मागितले नाही आणि संपादकांनाही ते सुचले नाही.

एका जुळाऱ्याच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने आम्हाला हा प्रश्न पडला. त्या निमित्ताने आम्ही जी लहानशी भेटवस्तू स्वतःच्या हातांनी छापली, तिची आणि ती छापताना मराठी मुद्रणाच्या इतिहासाकडे पाहण्याची आमची दृष्टी कशी बदलली त्याची ही हकीकत आहे.

बदलापूर स्थानकाच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाने गेले की सोनिवली लागते. एकेकाळचे हे गाव आता शहरात जमा झाले आहे. खडकात कोरलेली बौद्ध लेणी येथे आहेत. नव्या इमारतींच्या गर्दीत ती मुद्दाम शोधावी लागतात. काही मैलांवर अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातील लेख आहे. अक्षर टिकाऊ पदार्थात उमटवण्याची हौस या परिसराला नवी नाही, एवढेच त्यावरून म्हणता येईल. ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहोत ते काका या सोनिवलीत राहतात. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण तशी त्यांची इच्छा आहे. तिचे कारण पुढे येईल.

काका वयाच्या सोळाव्या वर्षी गिरगावातल्या एका छापखान्यात लागले. प्रथम झाडलोट आणि रूळ धुणे, मग खिळे परत खणात टाकणे, आणि दोन वर्षांनी हातात स्टिक. मुंबईत घर परवडेना तेव्हा अनेकांप्रमाणे तेही बदलापूरला आले आणि पुढे कल्याणच्या बाजूच्या एका लहान छापखान्यात काम करू लागले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि आमच्या महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिकही तेथेच छापले जाई. त्या नियतकालिकाचे संपादक म्हणून आमच्यापैकी एकाचे नाव काही वर्षे छापून येत असे. ते नाव जुळवणारे हात समोरच्या माणसाचे होते, हे पुष्कळ वर्षांनी कळले. नव्वदच्या दशकात संगणकावरची अक्षरजुळणी आली, छापखाना बंद झाला, ट्रेडल मशीन भंगारात गेले आणि खिळे शिशाच्या भावाने तोलून विकले गेले. थकलेल्या पगारापोटी काकांच्या वाट्याला खिळ्यांच्या चार पेट्या, एक स्टिक आणि दोन गॅल्या आल्या. छापखान्याच्या भाषेत या खणांच्या पेटीला 'केस' म्हणतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी घरात शिरले. त्यात दोन केसींची लाकडे फुगून खण निखळले आणि खिळे चिखलात गेले. उरलेल्या दोन केसी पोटमाळ्यावर होत्या, म्हणून वाचल्या.

त्या दोन केसींवर खिळे जुळवायला शिकवा, अशी विनंती आम्ही त्यांना केली. 'एका ज्येष्ठांच्या पंचाहत्तरीला भेट द्यायची आहे', एवढेच सांगितले. कोणाच्या, ते त्यांनी विचारले नाही. 'सर, मॅडम, खिळ्याला हात लावला की हात धुतल्याशिवाय भाकरीला लावायचा नाही', हा त्यांचा पहिला धडा. खिळा शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा असतो. शिसे अंगात गेले की सहजासहजी निघत नाही.

शिकायला बसण्यापूर्वी मराठी मुद्रणाचा इतिहास आम्हाला ठाऊक आहे, असा आमचा समज होता. तो पदव्युत्तर वर्गाला आम्ही शिकवतोही. गोव्यात १५५६ साली छापखाना आला. परंतु फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात अक्षरे कोरण्याचे प्रयत्न झाले, आणि १८०५ साली मिरजेच्या पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापवली. त्याच वर्षी विल्यम केरीचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ साली मराठी छपाई सुरू केली, तीही बंगालमधून आणलेल्या खिळ्यांवर. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अधिक सुबक देवनागरी अक्षरे घडवली. तेथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाछापखाना काढून १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापील कागदाला शिवणेही निषिद्ध मानणाऱ्यांची समजूत पटावी म्हणून ते शाईत चरबीऐवजी तूप घालीत, असे सांगितले जाते. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात गणपत कृष्णाजींची हकीकत वाचायला मिळते. त्यानंतर जावजी दादाजी. पोरवयात मिशनच्या छापखान्यात राबलेल्या या माणसाने १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना.

हा क्रम अनंत काकबा प्रियोळकरांच्या १९५८ च्या 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' या ग्रंथामुळे आणि बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरांवरील अभ्यासामुळे आपल्या परिचयाचा झाला आहे. केसीसमोर बसल्यावर मात्र याच क्रमाकडे निराळ्या नजरेने पाहावे लागले. या इतिहासात नावे कोणाची उरली? ज्यांनी छापखाना काढला त्यांची. त्याखालोखाल, ज्यांनी अक्षराचा मूळ पोलादी ठसा कोरला त्यांपैकी काहींची. श्रीरामपूरसाठी देवनागरी अक्षरे घडवणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर आपल्याला माहीत आहेत. निर्णयसागरची अक्षरे ज्यांच्या हातून उतरली ते राणोजी रावजी आरू माहीत आहेत, जरी जावजींच्या मानाने त्यांचे नाव फार थोड्यांच्या ओठी असले तरी. ठसा एकदाच कोरला जातो आणि त्यावरून लाखो खिळे ओतले जातात. त्यामुळे कोरणाऱ्याच्या कौशल्याची खूण अक्षराच्या रूपात मागे राहते. जुळाऱ्याची तशी कोणतीही खूण मागे राहत नाही. पान छापून झाले की त्याने जुळवलेले सारे मोडले जाते आणि तेच खिळे दुसऱ्या पानासाठी खणात परततात. ज्याचे काम केवळ मोडण्यासाठीच उभे राहते, त्याचा इतिहास लिहायचा तरी कशावरून?

कशावरून, याचे अर्धेमुर्धे उत्तर आम्हाला पुढे मिळाले. त्याआधी जुळणीची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ती माहीत नसलेल्या वाचकाला पुढचे कळणार नाही.

इंग्रजीचा जुळारी दोन केसींवर भागवतो. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे साधारणतः चार असत. मूळ अक्षरे, त्यांची अर्धी रूपे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार असे सगळे धरले की खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकड्यांत जातात. ही संख्या आवरण्याचा एक उपाय म्हणजे मुंबईकडे रुळलेली 'डिग्री' पद्धत. हिच्यात मूळ अक्षर एका खिळ्यावर, शिरोरेषेवरची मात्रा किंवा वेलांटी दुसऱ्या बारीक खिळ्यावर आणि खालचा उकार तिसऱ्यावर असतो. म्हणजे एक ओळ ही खरे तर एकावर एक रचलेल्या तीन ओळी असतात. उलट 'अखंड' पद्धतीत अक्षर आणि त्याचे चिन्ह एकाच खिळ्यावर ओतलेले असते. तिथे जुळणी सोपी, पण खिळ्यांचे प्रकार अफाट. काकांच्या केसी डिग्रीच्या.

स्टिक डाव्या हातात धरून उजव्या हाताने डावीकडून उजवीकडे खिळे लावायचे. अक्षर खिळ्यावर आरशातल्यासारखे उलटे असते, आणि ओळ पायावर नव्हे तर डोक्यावर उभी असते. त्यामुळे जी शिरोरेषा आपण अक्षराचा माथा समजतो ती जुळाऱ्याला तळाशी दिसते, आणि मात्रा तिच्याही खाली. 'लिपी वाचता येते' या विधानाचा अर्थ किती मर्यादित आहे, हे आम्हाला पहिल्याच रविवारी उमगले. मराठीचे अध्यापन करण्यात उभयतांची मिळून चाळीसहून अधिक वर्षे गेलेली, आणि 'मराठी' हा एक शब्द शोधून, लावून, तपासायला आमची दहा मिनिटे गेली. त्या अवधीत काकांनी पलीकडे बसून चार ओळी जुळवल्या. ते खणाकडे पाहत नव्हते. पाहत होते ते हस्तलिखिताकडे.

आमच्या भेटीचा मजकूर लहान होता. वर शीर्षक म्हणून 'जुळाऱ्यास', मध्ये त्यांचे संपूर्ण नाव, त्याखाली त्यांच्या हातून काय काय जुळले त्याचा चार ओळींचा उल्लेख, आणि शेवटी तारीख. पण पुराने वाचवलेल्या दोन केसींत सगळे खण भरलेले नव्हते. काने मोजून एकतीस निघाले. मराठी गद्यात कान्याचा खर्च किती होतो याची कल्पना आम्हाला तोवर नव्हती. पहिल्या मसुद्यात ४६ काने लागत होते, म्हणून आम्ही शब्द बदलत गेलो. 'लग्नाच्या पत्रिका' होते तेथे 'लग्नपत्रिका' केले, 'आठवण' ठेवून 'आठवणींचा ठेवा' काढला, एक विशेषण गाळले. मजकूर सुधारला, हेही कबूल केले पाहिजे. पण तो आमच्या अभिरुचीने सुधारला नव्हता, तर एका रिकाम्या होत चाललेल्या खणाने.

आणि शीर्षक तर अडलेच. 'जुळाऱ्यास' या शब्दात जो अर्धा र लागतो, य च्या आधी कोयरीसारखा किंवा चंद्रकोरीसारखा येणारा, तो खिळाच केसीत नव्हता. हा र मराठीचा खास आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. हा फरक आपण शुद्धलेखनाच्या तासाला विनोद म्हणून सांगतो. र शिरोरेषेवर चढला तर मान आचार्याला मिळतो, आणि ओळीत खाली बसला तर आचाऱ्याला. हिंदीला या चिन्हाची गरज नसल्यामुळे देवनागरीच्या सर्वसाधारण संचात त्याची आबाळ होणे स्वाभाविकच होते.

या अडचणीमुळे आम्हाला लिपिसुधारणेचा इतिहास पुन्हा वाचावासा वाटला. आपण तो एरवी भाषिक अस्मितेचा किंवा शास्त्रीयतेचा वाद म्हणून शिकवतो. पण त्याचे मूळ पुष्कळसे केसीत आहे. देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील, हा प्रश्न 'केसरी' छापणाऱ्या लोकमान्य टिळकांनाही पडला होता आणि त्यांनी त्यावर स्वतः परिश्रम घेतले. सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात अ ची बाराखडी पुढे मांडली. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे सोडून अ लाच वेलांटी आणि उकार द्यावेत, म्हणजे तितके खिळे वाचतील. 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत दीर्घकाळ चालवली, आणि जुने अंक चाळणाऱ्या विद्यार्थ्याला ती आजही बुचकळ्यात टाकते. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटीचे रूप बदलण्याचा प्रयोग सुचवला. तो लोकांनी स्वीकारला नाही. याउलट ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने जो निर्णय काढला त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची जुनी रूपे पुन्हा प्रमाण ठरवली गेली. तोवर शिशाचे खिळे बहुतेक वितळून गेले होते आणि संगणकाला जागेची टंचाई नव्हती. यंत्राची अडचण संपल्यावर लिपीला तिची जुनी वळणे परत मिळाली, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

या साऱ्या वादात एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषात येतो. अक्षर आणि यंत्र यांचे जमत नसेल तेव्हा नमते कोणी घ्यायचे? टिळक-सावरकरांपासून लखनौच्या परिषदेपर्यंत सर्वांनी त्याचे उत्तर लिपीच्या पातळीवर शोधले. पण ते उत्तर मिळेपर्यंत रोजचे पान थांबत नव्हते. संध्याकाळपर्यंत फर्मा मशीनवर चढायलाच हवा होता. रोजच्या रोज ते नमते कोण घेत होते?

आम्ही काकांना विचारले, 'य च्या आधीचा तो आडवा र कुठल्या खणात असतो?'

'डाव्या केसीत असायचा. पुरात गेला. कुठला शब्द आहे?'

आम्ही थोडे चाचरलो आणि 'दऱ्या' म्हणालो.

'मग दरी लिहा. नाहीतर खोरे लिहा.' आणि मग सहज पुढे म्हणाले, 'आम्ही तेच करायचो. खिळा संपला की लेखकाला निरोप धाडायचा, शब्द बदला म्हणून. लेखक सापडला तर बदलायचा, नाहीतर रागवायचा. सापडला नाही तर आम्हीच बदलायचो. अर्थ तोच ठेवायचा आणि ओळ तेवढीच भरायची. प्रूफ बघताना कुणाच्या लक्षात आलं तर येई.'

'आणि आलं नाही तर?'

'तर छापलंच की. पुस्तकात आहे अजून.'

या उत्तराने आम्ही उभयता काही काळ गप्प बसलो. साहित्याचा अभ्यासक दोन आवृत्त्यांमधला पाठभेद पाहतो तेव्हा त्याच्या मनात दोनच शक्यता येतात. एक, लेखकाने विचारपूर्वक शब्द बदलला. मग त्यावर आपण त्याच्या कलाविचाराचा इमला उभारतो. दोन, 'मुद्राराक्षसाचा प्रताप', म्हणजे छापखान्यातली चूक. मग आपण हसून ती दुरुस्त करतो. तिसऱ्या शक्यतेसाठी आपल्याजवळ शब्दच नाही. ती अशी की, अर्थ समजणाऱ्या, ओळीचे माप ओळखणाऱ्या आणि घड्याळाकडे लक्ष असलेल्या एका वाचकाने तो शब्द जाणूनबुजून आणि सद्हेतूने बदलला. हा वाचक लेखकानंतरचा पहिला वाचक असे. त्याने प्रत्येक अक्षर हातात घेतलेले असे, जे आपल्यापैकी कोणत्याही समीक्षकाने कधी केलेले नाही. त्याला आपण राक्षस म्हणत आलो.

आता हे खरे की, अशा बदलांचा पुरावा सापडणे कठीण आहे. हस्तलिखिते फारशी जपली जात नसत, आणि काकांनी कोणत्या पुस्तकात कोणता शब्द बदलला हे त्यांना आज आठवतही नाही. तेव्हा एका माणसाच्या बोलण्यावरून मराठी साहित्याची संहिताच संशयित आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते एवढेच की, खिळ्यांच्या काळातली आवृत्ती हाती घेताना 'केसीत काय होते आणि काय नव्हते' हाही एक चिकित्सेचा प्रश्न मानायला हवा. एकाच छापखान्यातून निघालेल्या चार-पाच पुस्तकांत एखादे दुर्मीळ जोडाक्षर सतत टाळलेले किंवा पाय मोडून लिहिलेले आढळले, तर ती लेखकाची लकब समजण्यापूर्वी छापखान्याचे नाव पाहावे. १८६७ च्या कायद्याने ते नाव प्रत्येक पुस्तकावर असतेच. आपण ते वाचत नाही, इतकेच. जुळाऱ्याचा इतिहास कशावरून लिहायचा, या प्रश्नाचे जे अर्धेमुर्धे उत्तर आम्ही वर म्हटले, ते हे.

आम्ही शीर्षक बदलले. 'जुळाऱ्यास' ऐवजी 'जुळारी यांस' असे केले. ओळ थोडी लांबली, ती दोन्ही बाजूंना कोरे खिळे घालून मधोमध आणली.

मशीन नव्हते, त्यामुळे जुन्या काळी प्रूफ काढत त्या रीतीने छापायचे ठरले. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद आणला. १९४० साली स्थापन झालेली ही संस्था अजून कागद करते. तो आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, कारण किंचित दमट कागद शाई चांगली घेतो आणि खिळ्याचा दाबही. जुळवलेला मजकूर लोखंडी चौकटीत बसवून चारी बाजूंनी आवळला. हाताच्या रुळाने शाई लावली, वर कागद ठेवला, त्यावर घोंगडीचा तुकडा, आणि लाकडी ठोकळ्याने सारखा दाब देत गेलो. पहिल्या प्रतीत मात्रा उमटल्या नाहीत. दुसरीत शाई इतकी झाली की ध आणि घ ओळखू येईना. बारा प्रती काढल्या, त्यांतल्या पाच देण्याजोग्या निघाल्या. घासलेटने खिळे पुसले, हात धुतले आणि मग जेवलो.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सोनिवलीला गेलो. काकूंनी शिरा केला होता. कागद काकांच्या हाती दिला तेव्हा त्यांनी तो प्रथम वाचला नाही. आडवा करून, उजेडात धरून, मागच्या बाजूने बोट फिरवले. दाब कोठे जास्त आहे आणि कोठे कमी, ते पाहिले. 'हा श या फाँटचा नाही. बारीक आहे. कुठून आला?' म्हणाले. तो खरोखरच शेजारच्या खणात चुकून पडलेला होता. मग डोळे वरच्या ओळीवर गेले.

'"जुळारी यांस" असं कोण म्हणतं? "जुळाऱ्यास" हवं होतं.' आणि क्षणभर थांबून, 'दऱ्या नव्हत्याच तर!'

त्यानंतर त्यांनी मधली ओळ वाचली. त्यांच्या हातून हजारो नावे जुळली होती. नवरा-नवरीची, लेखकांची, उमेदवारांची, उत्तरकार्याच्या पत्रावरची. लग्नपत्रिकेत स्वतःचे नाव एकदा छापले होते, पण ते दुसऱ्याने जुळवले होते आणि त्यात आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, असे ते म्हणाले. या कागदावर तो बरोबर होता. काकूंनी तो कागद देवाजवळ नेऊन ठेवला. बाकी चार प्रती त्यांनी मुलगी, भाऊ आणि छापखान्यातले दोन सोबती यांच्यासाठी बाजूला काढल्या. नाव दुसरीकडे कोठे छापू नका, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. 'एकदा नीट छापलं आहे. पुरे.'

आम्हाला वाटले, समारंभ संपला. पण काकांनी विचारले, 'मजकूर सोडवला का?' सोडवला नव्हता. चौकट तशीच पिशवीत होती. आम्ही ती जपून ठेवायची म्हणत होतो, निदान नावाची ओळ तरी. ते काकांना मुळीच पसंत पडले नाही. काम झाले की खिळे घरी गेले पाहिजेत. आवळून ठेवलेले खिळे म्हणजे पुढच्या माणसाचे अडलेले काम. त्यांनी चौकट सैल केली, ओळ डाव्या हातावर घेतली आणि उजव्या हाताने एकेक अक्षर खणात सोडू लागले. खण न पाहता. तारखेचे आकडे गेले, चार ओळी गेल्या, एकतीसही काने परत गेले. मग त्यांच्या नावाची ओळ आली. तीही तितक्याच वेगाने गेली. तो बारीक श मात्र त्यांनी वेगळा काढून सदऱ्याच्या खिशात टाकला; त्याची केस कोणती, ते नंतर बघू म्हणाले.

निघताना त्यांनी दोन्ही केसी आम्हाला देऊ केल्या. त्या आता महाविद्यालयाच्या मराठी विभागात, संदर्भग्रंथांच्या कपाटाशेजारी आहेत. पदव्युत्तर वर्गात मुद्रणाचा इतिहास शिकवायची वेळ येते तेव्हा आता पहिली तासिका आम्ही फळ्यावर घेत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला एक स्टिकभर ओळ जुळवायला सांगतो, मग तिचे प्रूफ काढतो, आणि तास संपण्यापूर्वी ती ओळ सोडवून खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकायला लावतो. आडव्या र चा खण अजून रिकामा आहे. त्या खणावर काकांनी आपल्या हाताने चिठ्ठी लावून दिली आहे: 'शब्द बदला.'